बिनदवाईची भाजी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस उलटले की दुर्गमधल्या बोरसीच्या बाजारात भाजी मावेनाशी होते. मुळ्यांचे भारे, लाल भाजी, वालाच्या शेंगा, पानांसकट ओली हळद, आणि वांगी तर किती तऱ्हेची. सकाळच्या गारव्यात सगळ्यांवर पाणी मारून ठेवलेलं असतं. लोक वर्षभर या दिवसांची वाट बघतात. माझं मात्र उलट होतं. मी एक वांगं उचलते, देठ बघते, ठेवते, दुसरं उचलते. भाजीवाला कंटाळून म्हणतो, "दीदी, लेना है कि खाली देखना है?" मी पुढच्या टोपलीकडे सरकते.

यंदा बाजाराच्या तोंडाशी एक नवं दुकान झालंय. हिरवी पाटी, काचेचं दार, आत फळीवर ओळीने ठेवलेली पाकिटं. डाळ, तांदूळ, गूळ, आणि टोपलीत मोजकीच भाजी. सगळ्यावर 'ऑर्गेनिक' लिहिलेलं, किंमत बाहेरच्या दुप्पट. मागच्या आठवड्यात मी आत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "ऑर्गेनिक मतलब क्या?"

"मैम, नेचुरल."

"यानी?"

"यानी केमिकल नहीं डाला."

"खेत कहाँ है?"

तिने पाकीट उलटं करून मागचा लांबलचक नंबर दाखवला. बिचारी हसतमुख होती. ती खोटं बोलत होती असं मला मुळीच वाटलं नाही. पण मी पिशवी रिकामीच घेऊन बाहेर आले आणि दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. असं झालं की मला तो हिवाळा आठवतो. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती, मी अकरावीत होते, आणि ऑर्गेनिक हा शब्द आमच्या क्वार्टरपर्यंत पोचला नव्हता. आम्ही 'बिनदवाईची भाजी' म्हणत होतो. म्हणजे आई म्हणत होती, आणि आम्ही तिच्यामागे पिशव्या घेऊन फिरत होतो.

त्याची सुरुवात भिलाईत झाली नाही. आईचा धाकटा भाऊ, दशरथमामा, हिंगणघाटकडे शेती करायचा. त्या वर्षी भादव्यात कपाशीवर औषध फवारताना तो शेतातच कोसळला. तोंडाला फेस, अंगभर घाम. ऊन लागलं असेल म्हणून लोकांनी लिंबूपाणी पाजलं, कांदा हुंगवला. दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं होतं? कोणालाच नाव माहीत नव्हतं. डबा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, राहिला होता. तो आणायला माणूस सायकलने परत गेला. मामा वाचला, पण भाऊबीजेला आई आणि मी गेलो तेव्हा आईने त्याच्या हातावर ठेवलेली सुपारी तीनदा खाली पडली. हात थरथरत होता. मामा हसला, म्हणाला, "माह्या हात आता माहं आयकत नाई, अक्का." आई हसली नाही.

भिलाईला परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिने फुलकोबीचा गड्डा हातात घेतला आणि तशीच ओट्याशी उभी राहिली.

"याच्यावर बी थेच असन," ती म्हणाली.

मग भाज्या मिठाच्या पाण्यात बुडू लागल्या, हळदीच्या पाण्यात बुडू लागल्या, चिंचेच्याही. धुऊन धुऊन पालकाचा लगदा व्हायचा. क्वार्टरमागच्या चार हात जागेत तिने मेथी लावली. ती दोन वेळेला पुरली आणि संपली. बाजारात ती प्रत्येकाला विचारायची, "दवाई मारी क्या?" आणि प्रत्येकजण म्हणायचा, "नहीं बाई, बिना दवाई का है." सगळेच नाही म्हणतात म्हटल्यावर तिने ते विचारणंच सोडून दिलं.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या बाय-प्रॉडक्ट विभागात होते. कोळसा भाजताना जो गॅस निघतो तो धुऊन त्यातून कारखाना खत तयार करायचा. साखरेसारखे पांढरे दाणे, पोत्यांत भरलेले. बाबांना त्याचं फार कौतुक. पाहुणे आले की ते सांगायचे, "लोखंड तं सारेच पाहतेत, पर आमी शेतीबी पिकवतो." आई एकदा जेवताना बोलून गेली, "बिनदवाईची पायजे, अन बिनखताचीबी." बाबांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"म्हंजे मी काय विष बनवून राहिलो?"

"मी तुमाले कावून म्हनू?"

"मंग कोनाले म्हनून राहिली?"

आई ताट उचलून उठली. त्या घरात मला अभ्यास होईना. पुस्तक उघडलं की कान स्वयंपाकघराकडे.

पुस्तकही असं की त्याने भर घातली. आमचं सगळं शिक्षण हिंदीत; मराठी फक्त घरापुरती. रसायनशास्त्रात त्या महिन्यात 'कार्बनिक' पदार्थांचा धडा लागला होता. सजीवांच्या शरीरात बनतात ते कार्बनिक, असं पूर्वी मानत. मग कोणीतरी प्रयोगशाळेतल्या भांड्यात युरिया बनवून दाखवला आणि सजीव-निर्जीवांमधली ती भिंत पडली. मला मोठा शोध लागल्यासारखं झालं. रात्रीच्या जेवणाला मी शहाणपणाने सांगितलं की युरिया हा कार्बनिक आहे.

"कार्बनिक म्हंजे?" आईने विचारलं.

"म्हणजे जिवंत गोष्टींतला. लघवीत असतो युरिया."

"म्हंजे गाईच्या मुतातला अन पोत्यातला एकच?"

"एकच."

बाबा खूश झाले. "अन माहं खत कोळशाचं. कोळसा म्हंजे जुनी झाडंच तं हायेत, पाय."

आई दोन घास जेवली. मग म्हणाली, "मंग दशरथ ज्यानं पडला, थे कायचं होतं?"

मी पुस्तकात शोधलं. नव्हतं. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की कार्बनिक म्हणजेच इंग्रजीतलं ऑर्गेनिक, आणि पुस्तकाच्या अर्थाने ते औषधही कार्बनिकच होतं. एका शब्दात शेण बसतं, युरिया बसतो, आणि मामाचा थरथरणारा हातही बसतो. तेव्हापासून त्या शब्दावर माझा विश्वास बसलेला नाही, मग तो कोणत्याही भाषेत लिहिलेला असो.

आईने शेवटी स्वतःचंच एक माप काढलं. रुआबांधाच्या रविवारच्या बाजारात एका भाजीवालीच्या टुकनीत, म्हणजे टोपलीत, भोकं पडलेली वांगी बाजूला काढून ठेवलेली तिला दिसली. आईने एक वांगं तिथेच मोडलं. आत गुलाबीसर अळी वळवळत होती. आईचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा सैल झाला.

"अळी जित्ती हाये," ती मला म्हणाली. "औषध असतं तं मेली नसती का?"

मला ते पटलं. बाबांनाही पटलं. शिवाय ती वांगी निम्म्या भावात मिळत होती, कारण दुसरं कोणी हात लावत नव्हतं. शेजारच्या बायका हसायच्या, पण आईला त्याचं काही नव्हतं.

भाजीवालीचं नाव बिसाहिन. उतईची. पस्तिशीची असेल, कोपरापर्यंत गोंदण, बोलताना पदर तोंडाशी. तिचा नवरा पहाटे सायकलवर टुकनी आणि तिला आणून सोडायचा आणि शेतावर परत जायचा. आई दर रविवारी जाऊन एकच विचारायची, "कीडेवाले है ना?" आणि बिसाहिन पोत्याखालून वांगी काढायची. "ले मराठीन बाई, तोर कीरा वाला भांटा." घे तुझी किडकी वांगी, असं सांगून ती इतकी हसायची की शेजारची मिरचीवालीही हसायला लागायची. वेडं गिऱ्हाईक, पण दर आठवड्याचं.

घरी ती वांगी चिरायचं काम माझं. अळी काढायची, कागदावर घ्यायची, बाहेर मेंदीच्या कुंपणावर टाकायची. कधीकधी आत अळी मेलेली निघायची. एकदा मी ती आईला दाखवली. तिने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

"थंडीनं मेली असन," ती म्हणाली आणि हात धुतला.

पौषात एका सुट्टीच्या दिवशी आईने हट्ट धरला की मले बिसाहिनचं थे वावर पाह्यचं हाये. का, ते तिने सांगितलं नाही. त्या मेलेल्या अळीने तिला टोचलं असावं. बाबांनी स्कूटर काढली. आई मागे, आणि मी दोघांच्या मध्ये चेपून. रुआबांधा मागे पडलं की तेव्हा सरळ शेतंच लागायची. धान कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग, हवेत तणसाचा कोरडा गोड वास. कापलेल्या धानाच्या बुडख्यांमधून तिवऱ्याचं हिरवं लुसलुशीत रान उठलेलं. डाळीचं पीक ते, आमच्याकडे त्यालाच लाखोरी म्हणतात. आता त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना घरं आहेत, प्लॉटच्या पाट्या आहेत. मी तिथून जाते तेव्हा खिडकीतून पाहत नाही.

बिसाहिन आम्हाला बघून गडबडली. बाज टाकली, पाणी दिलं. आई बसली नाही. ती तशीच मागच्या वाटेने शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. वांग्यांच्या ओळींतून बिसाहिनचा नवरा, समारू, चालत येत होता. पाठीवर फवारणीचा पंप, अनवाणी पाय, तोंडाला काही नाही, कानामागे विडी. पंपाचा दांडा वरखाली होत होता आणि पानांवर पांढरं धुकं बसत होतं.

"ये वोही भट्टे हैं क्या?" आईने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"हव, वोही."

"पर इसमें तो कीडा था. दवाई मारते तुम लोग?"

बिसाहिन गोंधळली. आईला काय कळत नाही, तेच तिला कळेना. "कीरा परिस, तभे तो दवई मारेन, बाई," ती म्हणाली. "कीरा नइ परतिस, त काबर मारतेन?"

कीड पडली म्हणून तर औषध मारलं. कीड पडली नसती तर कशाला मारलं असतं?

अळी एकदा वांग्यात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पुन्हा मारायचं, पुन्हा मारायचं. ज्या ओळींत भोकं जास्त, त्या ओळींत फवारे जास्त. दीड महिना आम्ही बाजारातली सगळ्यात जास्त औषध खाल्लेली वांगी निवडून निवडून घरी नेत होतो. बिसाहिनने फसवलं नव्हतं. आईने कीड मागितली, तिने कीड दिली.

बाबांनी काहीतरी बोलायचं म्हणून घरामागची वाडी बघायची इच्छा दाखवली. शेणखताच्या खड्ड्याला लागून चार वाफे: लाल भाजी, मिरच्या, वालाचा वेल, कुंपणाला शेवगा. हे घरच्यांसाठी, बिसाहिन म्हणाली. इथे औषध नाही. घरच्या खाण्यावर कोण औषध मारेल? तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की रागवावं असं त्यात काही सापडेना. समारू पंपासकट आमच्यामागे आला होता. बाबा कुठे काम करतात हे कळल्यावर त्याने हात जोडले. "धान मा तुंहर कारखाना के खातू डारथन, साहेब. बने धान होथे." धानाला तुमच्याच कारखान्याचं खत घालतो, पीक चांगलं येतं, हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी वळून आईकडे पाहिलं.

आईचं लक्षच नव्हतं. ती समारूच्या हातांकडे बघत होती. कोपरापर्यंत ओले हात. पंपाची तोटी अडली होती, आणि बोलता बोलता त्याने ती सोडवून तोंडात धरली आणि जोराने फुंकली.

"अरे!" आई ओरडली. तिने धावत जाऊन त्याच्या हातातली तोटी हिसकावली. मग तिथेच, त्या वाफ्यांमध्ये उभी राहून, अर्धी हिंदी अर्धी मराठी, तिने मामाची गोष्ट सांगितली. फेस, लिंबूपाणी, संध्याकाळ, डबा. भाऊबीजेची सुपारी. घरीसुद्धा तिने ती एवढी सलग कधी सांगितली नव्हती. शेवटी तिने बिसाहिनचं मनगट धरलं. "कुछ हुआ तो पहले कपडे निकालना. साबुन से धोना. और डबा साथ में ले जाना. डबा. समझी?" बिसाहिन हो हो म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं.

पुढच्या रविवारी बाबांनी आपले जुने रबरी हातमोजे आणि गमबूट पिशवीत घालून दिले. कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आईने त्यांच्या आवडीचा वडाभात केला. घरात पुन्हा मोकळं बोलणं सुरू झालं.

वांगी बंद झाली. बिसाहिन आता घरच्या वाडीतली लाल भाजीची एखादी जुडी आमच्यासाठी काढून ठेवायची. आणि तिनेच आईला दाखवलं की काय काय असतं ज्याला औषध मारायच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण त्याला कोणी भाव देत नाही. तिवऱ्याचे कोवळे शेंडे. गव्हात आपोआप उगवणारा बथुआ, म्हणजे चाकवत. शेवग्याचा पाला. लसणाची फोडणी दिलेली तिवऱ्याची भाजी आणि गरम भात, त्या थंडीत त्यासारखं दुसरं काही नव्हतं. दोन आण्यांचं गवत म्हणून शेजारणी हसायच्या. बिनदवाईची आणि परवडणारी अशी भाजी आम्हाला मिळाली होती. आईने आता शांत व्हायला हवं होतं.

ती झाली नाही. "मोजे पहनता है क्या?" ती दर रविवारी विचारायची. एकदा बिसाहिन हसत सुटली. समारूला मोज्यात घाम येतो. त्याने ते शेतात काठीवर उलटे खोचून ठेवलेत, पाखरं येत नाहीत. मिरचीवालीही हसली. आई तिवऱ्याची जुडी पिशवीत टाकून निघाली. रस्त्यात मला म्हणाली, "आपुन सुटलो वं शोभे. पर थो?"

माघात लागोपाठ दोन रविवार बिसाहिनची जागा रिकामी राहिली. मिरचीवाली म्हणाली, तिच्या नवऱ्याला औषध चढलं. जिवंत आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. आई घरी परतलीच नाही. भाजीची रिकामी पिशवी घेऊन तशीच ती उतईच्या बसमध्ये चढली, आणि तिच्यामागे मी. बसायला जागा होती, तरी ती उभी राहिली.

समारू अंगणात उन्हात बाजेवर बसला होता. कांबळं पांघरलेलं, गालफडं आत गेलेली. आम्हाला बघून त्याने हात जोडले. आईने आधी ते हात पाहिले. थरथरत नव्हते.

बिसाहिनने सांगितलं. सकाळी दहाच्या सुमाराला तो बांधावर पडला. शेजारी म्हणाले लिंबू आणा, बैगाला, म्हणजे झाडफूक करणाऱ्याला, बोलवा. तिने आधी त्याचे कपडे ओढून काढले आणि अंगणातच त्याला साबणाने धुतलं. म्हणाली, लाज वाटायलाही वेळ नव्हता. मग गावातला ट्रॅक्टर थांबवला. औषधाचा डबा पदरात बांधून घेतला होता. दुर्गच्या दवाखान्यात डॉक्टरने तोंड उघडायच्या आत तिने तो टेबलावर ठेवला. डॉक्टरने नाव वाचलं आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं.

"कितने बजे पोहोचे?" आईने विचारलं.

"बारा बजे."

आईने बोटं एकमेकांत अडकवली. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "आमाले कोनी सांगतलं असतं तं." आणि तोंडाला पदर लावला. बिसाहिन तिच्या शेजारी जमिनीवर बसली. एकीला दुसरीची भाषा नीट येत नव्हती. या वेळी बिसाहिनने आईचं मनगट धरलं.

जेवल्याशिवाय बिसाहिनने सोडलं नाही. भात, उडदाची डाळ, आणि वांगी-बटाट्याची भाजी. ताट समोर आलं आणि माझा हात थांबला. घरामागच्या वाडीत वांगी नव्हती. मी स्वतः पाहिलं होतं. आईनेही पाहिलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती भाजी भातात कालवत होती. एक घास, दुसरा घास. बिसाहिन पुन्हा वाढायला आली तेव्हा आईने ताट पुढे केलं.

"जेव," ती मला हळूच म्हणाली.

मी जेवले. भाजी चवीला फार चांगली होती, आणि प्रत्येक घास गिळताना मला भीती वाटत होती.

उतईच्या स्टँडवर बसला वेळ होता. पिंपळाखाली आम्ही दोघी उभ्या होतो. माझ्याने राहवेना.

"आई, त्या भाजीचं विचारलं कावून नाई?"

आई रस्त्याकडे बघत होती. बसची धूळ लांबून दिसायला लागली होती.

"इचारलं असतं," ती म्हणाली, "तं तिनं खरं सांगतलं असतं."